पित्ताची गोळी

प्रिय आई,

मघाशी फोनवर नुसतं "बरं" म्हणालो. बाकीचं इथे लिहितो.

ती गोळी पित्ताची नाही. मला पुरुष आवडतात, आई. एचआयव्ही होऊ नये म्हणून ती रोज घ्यायची असते. शनिवार-रविवार मी मित्रांकडे नशा करतो, तिथे संबंधही येतात, मग कसलीच शुद्ध राहत नाही. म्हणून तर तो वारांच्या कप्प्यांचा डबा. सोमवारी शेवटचे, शनिवार-रविवारचे, दोन्ही कप्पे रिकामे दिसले. म्हटलं, चला, नशेत का होईना, घेतल्या आपण. स्वतःचीच पाठ थोपटली.

आणि आज तू म्हणतेस, "शुक्रवारी तुझ्याकडून निघताना डब्यातल्या दोन गोळ्या मी घेतल्या रे. शेवटच्या कप्प्यांतल्या घेतल्या, म्हणजे तुला लगेच कमी पडायला नको. पण मेलं पित्त जसंच्या तसं! तू डॉक्टर बदल बाबा."

तुझ्यावर चिडू तरी कसा? थाप माझीच होती.

फोन ठेवल्यावर दवाखान्यात आधी तुझंच विचारलं. दोन गोळ्यांनी तुला काही होणार नाही म्हणाले.

माझं रक्त तपासून सांगतील.

तुझा,
धाकटा