शेवटच्या चौकटीत सगळे उभे

ता. ३ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. फोनवर मोकळं बोलता येत नाही, कारण बाबा शेजारच्याच खुर्चीत असतात आणि डोळे गेल्यापासून त्यांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. तू तरी कुठे बोलतोस म्हणा. सिनेमाचं नाव काढलं की तुला लगेच कामाला जायचं असतं.

बाबांनी त्या सिनेमाचा ध्यास घेतलाय. हातातला ब्रश सुटल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, दोन घास खाल्ले तर उपकार. आता त्यांच्या कॉमिकमधला गोणीवाला पडद्यावर येणार म्हटल्यावर रोज दाढी होते, शर्टाची इस्त्री बोटांनी तपासली जाते आणि कॉलरला सुरकुती राहिली तर माझा उद्धार होतो. खालच्या शिंप्याला काल ऐकवत होते की मला दिसलं नाही म्हणून बिघडत नाही, पडद्यावरचे आवाज माझ्या मुलाने काढलेत, कोणाला कुठे लागलं ते मी ऐकून सांगेन. डॉक्टर म्हणतात, या सिनेमावरच ते तग धरून आहेत.

तू मात्र गप्प. लहानपणी ताटं, पत्रे, माझं डोकं, दिसेल ते वाजवत फिरणारा मुलगा गप्प बसला की काहीतरी लपवतोय हे मला कळतं. काय बिनसलंय ते लिही.

लोभ ठेवावास, आणि उत्तरही पाठवावंस.
तुझी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना सिनेमाला आणू नकोस. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचा धीर झाला नाही तरी चालेल.

तुला आठवत असेल, बाबांनी बुक्की लागताना कधीच दाखवली नाही. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत धुळीचा ढग आणि त्यात मोठ्या अक्षरांत 'धबाक'. शेवटच्या चौकटीत मार खाल्लेले सगळे चोर टेंगूळ चोळत उभे. एकही आडवा नाही. पोरं झोपताना वाचतात, कोणी पडून राहिला तर त्यांना झोप कशी लागायची, असं म्हणायचे. या सिनेमात गोणीवाला शेवटी गोदामाच्या मालकाला लोखंडी कांबीने मारतो. मरेपर्यंत मारतो. मग पडदा काळा होतो.

त्या माराचा आवाज मी काढलाय, ताई. गाजरं ओल्या फडक्यात गुंडाळून पिळली की मनगट मोडतं. कोबीचा गड्डा फळीवर आपटला की काय होतं ते लिहीत नाही. काम घेतलं तेव्हा वाटलं होतं, परक्याच्या हाती जाण्यापेक्षा घरात राहिलेलं बरं, उशीवर गुद्दे मारून भागवीन. दिग्दर्शकाने ते गुद्दे ऐकले आणि शांतपणे सांगितलं की लोक हसतील, आणि इथे हसले की सगळा सिनेमा हातचा गेला. माणूस वाईट नाही. पण मी पुरता अडकलोय. डोळस माणूस त्या जागी मान तरी फिरवेल. बाबांनी कान कुठे फिरवायचे?

त्यांना काहीही कारण सांग. मला आताशा ताटात कोबी बघवत नाही.

लोभ असू द्यावास, या कामानंतरही.
तुझा,
ठोक्या

ता. १६ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून असा संताप झाला की फाडूनच टाकणार होते. बाबांच्या माणसाला तुम्ही खुनी केलंत आणि थापा मी मारायच्या? त्यांना थाप मारून बघ एकदा. परवा नुसतं 'औषध आहे अजून' म्हटलं, तर आवाजावरून ओळखलं की संपलंय.

घरी ठेवलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील आणि या वेळी वळायचे नाहीत. नेलं तर तू लिहिलंस ते सगळं कानांवर. मला दोन्हीकडून मरण आहे. काल स्वयंपाकघरात दार लावून रडले, तर बाहेरून विचारतात, सर्दी झाली का.

आता सुचलंय ते सांगते, हसू नकोस. शेवटी पडदा काळा होतो म्हणालास. मग त्या काळोखात त्या मालकाला उठू दे की. एकदा खोकू दे, कपडे झटकू दे, पाय ओढत जाऊ दे. बघणाऱ्यांना काही दिसणार नाही आणि बाबांना सगळं कळेल. एवढं कर रे. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे खोटं आहे, पण या वेळेपुरतं खरं धर.

लोभ आहे, रागासकट.
तुझी,
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केलं होतं. बाबांचे जुने जोडे घालून चाललो, स्वतःची पँट झटकली, खोकलो. इतकं हलकं ठेवलं होतं की मुद्दाम कान दिल्याशिवाय कळू नये. दिग्दर्शकाने कान दिला.

ओरडेल असं वाटलं होतं. त्याने सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. मग म्हणाला, "तुमच्या वडिलांची सगळी पुस्तकं मला पाठ होती. माझ्या मोठ्या भावाला गल्लीत मारलं, तेव्हा तो आता उठेल म्हणून मी तिथेच उभा होतो." आणि तो आवाज त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकला.

बाबांची बाजू मांडायला गेलो आणि बाबांचे जोडे उचलून परत आलो. सिनेमाच्या प्रती निघाल्या, आता माझ्या हातात काही उरलेलं नाही. तुझ्या पाया पडतो, त्यांना घरीच ठेव. ताप आला म्हण, थिएटर बंद पडलं म्हण. मी येणार नाही. त्यांच्या शेजारी बसून ते ऐकणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा,
ठोक्या

ता. ६ एप्रिल

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

नेलं त्यांना. सकाळपासून शर्ट घालून दाराशी बसले होते, नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

मध्यंतरापर्यंत मजेत होते. दार वाजलं की 'हा माझा मुलगा', पाऊल वाजलं की 'हाही माझाच मुलगा'. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. मग गोदाम आलं. पहिल्या घावाला त्यांनी माझं मनगट धरलं आणि ते धरूनच सगळं ऐकलं. मागे शिट्ट्या चालल्या होत्या. मग काळोख झाला आणि बाबा कान देऊन पुढे वाकले. त्याच्या उठण्याची वाट बघत होते रे. मला ते सोसलं नाही. मीच उठले. खोकले, कपडे झटकले, चपला घासत दोन पावलं टाकली.

"खाली बस, पोरी," बाबा म्हणाले. "मागच्यांना दिसत नसेल."

येताना टॅक्सीत मी त्यांना सगळं सांगितलं, दिग्दर्शकाच्या भावाचंसुद्धा. तेव्हापासून जेवण सुटल्यात जमा आहे आणि डॉक्टर माझ्याकडे बघायचं टाळतात. हातातलं काम टाकून ये, विचार करत बसू नकोस.

काल मात्र त्यांनी कागद आणि ब्रश मागितला. मी शाईत बुडवून हातात द्यायची आणि ते काढायचे, दुपारभर. शेवटची चौकट आहे, त्या दिग्दर्शक मुलाला पाठव, त्याचा भाऊ आहे यात, असं म्हणाले आणि थकून झोपी गेले.

ती सोबत पाठवते आहे. रेघेवर रेघ चढली आहे, हात कुठला, पाय कुठला, काही लागत नाही. कागद उभा धरायचा की आडवा, तेसुद्धा मला कळलेलं नाही. तू त्याला देताना उभा धरून दे.

लोभ तुटू देऊ नये.
तुझी,
ताई