मिठाच्या राशीवरचा इंग्रजी शब्द

बाबा, तुझी पणती कॉलेजात इंग्रजी शिकते आणि सध्या आपल्या घरात शिव्यांचा अभ्यास चालू आहे. हसू नको. चांगला शब्द शिवी कसा झाला ते ती पुस्तकांत शोधते आणि मी सुकट निवडता निवडता ऐकते. सिली म्हणजे येडपट ना, तर फार पूर्वी त्याचाच अर्थ होता देवाचा हात डोक्यावर असलेला. आणि सिनेमातला व्हिलन म्हणजे मूळचा जमीनदाराच्या शेतावर राबणारा गडी. म्हणजे आपणच की. मला एवढी मजा वाटली की सुकटीत कचरा तसाच राहिला, सूनबाई बोलली त्यावरून. मग ती म्हणाली, इडियट म्हणजे ग्रीक लोकांत गावकीच्या कारभारात न पडणारा, आपल्या घरापुरता माणूस. तिथं माझा हात थांबला.

तो शब्द मी तिसरीत असताना मिठागरावर ऐकला होता. हंगामातली पहिली रास लागली आहे, नारळ अजून फोडायचाय, आणि मिठागराचा साहेब मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन बुटांसकट राशीवर चढायला निघतो. तू आडवा उभा राहतोस. "साहेब, मीठ लक्ष्मी हाय. पायातलं काढा." बांधावर कोणी हालत नाही. साहेबानं पाहुण्यांकडे बघितलं, तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "इडियट." पाहुणे हसले, मग मुकादम हसला, मग टोपल्या घेऊन उभी असलेली आपलीच माणसं. तू "व्हय साहेब" म्हणालास, पण जागचा हालला नाहीस. तो तुला वळसा घालून वर चढला. सगळे गेल्यावर बुटांचे ठसे तू हातानं पुसलेस.

हे मी पोरीला सांगितलं. तिनं लिहून काढलं, उद्या वर्गात वाचणार आहे. काल मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय, सगळे हसत होते, फक्त पणजोबांची लहान मुलगी बापाचा हात धरून उभी होती. मी तसं सांगितलं नव्हतं रे. मी तिथं होते, एवढंच सांगितलं होतं. "आजी, बरोबर हाय ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "व्हय."

ती आत कपड्यांना इस्त्री करतेय, सकाळच्या एसटीनं जाईल. त्याआधी तिला हाक मारून ती ओळ खोडायला लावणार आहे. हा कागद काही तुला पोचायचा नाही, तरी तिच्याआधी तुला सांगते. पाहुण्यांनंतर पहिली हसले ती मी, मुकादम नव्हे. तिथं शाळेत जाणारी मी एकटीच ना, हिला इंग्रजी कळतं असं त्यांना वाटावं म्हणून. कळलं काहीच नव्हतं, बाबा.