तिरकी भिंत

आये,

आपलं घर गेल्या आठवड्यात पाडलं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. पोराबाळांना खोल्या पुरेनात, पावसाळ्यात भिंतींना ओल धरायची. आता त्या जागेवर नवी इमारत बांधायची परवानगी मिळाली आहे, आणि तोवर आम्ही ऐरोलीत भाड्याने राहतोय. परवानगीसाठी जुन्या घराची मापं घ्यायला एक तरुण इंजिनिअर आला होता. काकांच्या बाजूची भिंत त्याने पुन्हा पुन्हा मोजली, डोकं खाजवलं आणि विचारलं, आजी, ही भिंत तिरकी कशी? मी म्हटलं, गवंडी जासईचा होता, त्याला विचार. बिचारा गवंडी केव्हाच गेला, आणि त्याचा काही दोषही नव्हता. ती भिंत तिरकी का, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

बाबा खाडीत बुडून गेले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर आपण काकांच्या पडवीत राहायला लागलो. मध्ये कारवीचा कुड, पलीकडे त्यांचा संसार. काका वाईट नव्हते, पण बाईमाणसाला वेगळं घर कशाला, असं त्यांचं ठाम मत. तू पनवेलच्या बाजारात मासळी विकून दुपारी घरी यायचीस आणि दुसऱ्याची चूल मोकळी व्हायची वाट बघत बसायचीस. मला भूक लागलेली असायची आणि तू डोळ्यांनी गप्प राहायला सांगायचीस. तुला त्या पडवीतून बाहेर पडायचं होतं. बाबांच्या वाट्याची मोकळी जागा काकांच्या घराला लागूनच होती. पण विटांचं घर बांधायचं तर ग्रामपंचायतीची परवानगी लागणार, आणि ग्रामसेवक म्हणाला, नकाशा आणा, शिवाय शेजाऱ्याची हरकत असेल तर परवानगी मिळणार नाही. शेजारी एकच, काका. त्यांनी हरकत घेतलीच. पावसाळ्याआधी त्यांची होडी खाडीतून ओढून वर आणायची ती त्याच जागेच्या कडेने. घर उभं राहिलं तर होडी अडेल, म्हणाले. तू मला म्हणालीस, त्यात त्यांचं खोटं काहीच नाही. तू अशी होतीस, आये. भांडताना समोरच्याची बाजूसुद्धा तूच मांडायचीस, आणि मला तुझा संताप यायचा.

नकाशा काढून देणारा माणूस पनवेलला होता. तू गेली नाहीस. ग्रामसेवकाला सरळ सांगितलंस, "कागदावरचा घर मना नाय कलत. भुईवं मांडून दावीन."

आणि तू खरंच मांडलंस. बाबांच्या जाळ्याची जुनी दोरी, बाभळीच्या खुंट्या. ही ओटी, ही खोली, हे न्हाणीघर. दाराच्या जागी दोरी सोडलेली. मागच्या खोलीत तीन दगडांची चूल मांडून तू ती पेटवलीससुद्धा, आणि तिच्यावर चहाचं पातेलं. मला तर लाजेने मेल्यासारखं झालं होतं. सगळी आळी गोळा होऊन हसतेय, आणि तू डोक्यावर पदर घेऊन, नसलेल्या घरात पाहुण्यांची वाट बघत उभी.

सरपंच येतात, मागे ग्रामसेवक टेप घेऊन. म्हातारे सरपंच दोरी सोडलेल्या जागेशी थांबतात, खाली बघतात, तुझ्याकडे बघतात. मग वाकून पायातल्या वहाणा काढतात आणि विचारतात, "बाय, आत येऊ का?"

हसणं तिथेच थांबलं. ग्रामसेवकानेही चपला काढल्या. काका मात्र तरातरा आले आणि दोरी ओलांडून थेट खोलीत शिरले. तू आवाज न चढवता म्हणालीस, "भावोजी, भितीतून कोन येतं? दारातून या." काका मग दोरी ओलांडून परत बाहेर गेले, वळसा घेतला, दाराशी चपला काढल्या आणि आत येऊन बसले. तू सगळ्यांना चहा दिलास. काकांनी कपाला हात लावला नाही. "होरी अडल इथं," एवढंच म्हणाले.

तू उठलीस, त्यांच्या बाजूच्या दोन्ही खुंट्या उपटल्यास आणि हातभर आत रोवल्यास. आता बघा, म्हणालीस. ते म्हणाले, अजून थोडी. तू पुन्हा उठलीस. भिंत तुझ्या चुलीला भिडली. खोलीत आता दोघी आडव्या तरी होऊ की नाही, असं मला वाटायला लागलं. तू खुंटी ठोकता ठोकता म्हणालीस, "इटांची भित मंगं सरकाची नाय, भावोजी. दोरी हाय तवर सांगा."

काका चुलीकडे बघत राहिले. मग उठून चुलीजवळची खुंटी त्यांनी स्वतःच उपटली आणि हातभर बाहेर, होडीच्या वाटेवर नेऊन रोवली. "वैनीला चुलीपाशी बसाया जागा नको का," असं ते सरपंचांना म्हणाले, तुला नाही. आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

दुसरी खुंटी होती तिथेच राहिली. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, की आलं आणि कुणी बोललं नाही, मला माहीत नाही. ग्रामसेवकाने जसं होतं तसं मोजलं, गवंड्याने जसं मोजलं तसं बांधलं. पुढे त्या भिंतीला कपाट कधी नीट लागलं नाही. मी कुरकुर केली की तू म्हणायचीस, राहू दे, ती भावोजींची भिंत आहे. काकांची होडी दर वर्षी तिला घासून वर यायची, आणि ते जाता जाता भिंतीवरून हात फिरवायचे. मला ते फार आवडायचं. आज ते आठवलं की रडू येतं.

नव्या इमारतीत सगळं काटकोनात असणार आहे. त्या पोराने दाखवलं मला, चांगलं आहे. हे पत्र कुठे पाठवणार, लिहून झालं की तुझ्या फोटोमागे ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. काल मी जागा बघायला गेले होते. राडारोडा उचललाय, नुसती माती आहे. तरी दार होतं तिथे माझे पाय थांबले, आणि मी चपला काढून आत गेले. इंजिनिअरने विचारलं, काय झालं आजी? मी म्हटलं, चपलेत खडा गेला.