मगर पुन्हा बांधाशी

चिंगम महिना, तारीख ३

आली! दुसरी आली! मला वाटलंच होतं. गेल्या वर्षी पहिली बुडवली तेव्हा सगळे ताडी पिऊन नाचत होते. मी एकटी म्हणत होते, मगर कधी एकटी असते का?

मगरी म्हणजे गाळ उपसायला सोडलेली, आपली आपण चालणारी लोखंडी यंत्रं. कंपनी बुडाली, मगरी पाण्यात राहिल्या. ही पहिलीच्या दुप्पट आहे. सकाळी बांधाला तोंड लावून बसली होती, जबडा चिखलानं भरलेला. बांध खातेय मेली! होडी जवळ गेली की उलथवते.

बांधाबाहेरचं पाणी आमच्या छपरांहून उंच. आत घरं, आत निसवलेलं भात. कलेक्टर कचेरीतला माणूस बजावून गेला — या खेपेला बांध गेला तर गाव उठवणार. उठवणार म्हणे! आम्ही काय बाजारातल्या टोपल्या आहोत?

चिंगम ५

पुरुषांची फजिती झाली. हसू येतंय, पण हसण्यासारखं नाही.

विजयप्पन चेट्टा, माझा थोरला भाऊ, शर्यतीच्या होडीवर गाणं सांगतो. तो म्हणाला, 'इंजिन नको, गाणं नको. चिडीचूप जायचं, साखळदंड टाकायचा.' गेले. जवळ पोचतात तोच मगरीनंच गाणं धरलं! आमचंच, होडीचं. वर्षभर पाण्यातून ऐकून शिकली मेली. तिनं पहिली ओळ घातली आणि आमच्या शंभर बहाद्दरांनी छाती फुगवून दुसरी दिली! जन्माची सवय. कुठे आहेत ते तिला कळलं. होडी पालथी, चेट्टाचा हात मोडला.

'तू तरी गप्प बसायचंस!'

'ओळ आली गं. राहवलंच नाही.'

चिंगम ६

आम्ही बायका जाणार. सुकाणू माझ्याकडे.

चेट्टा कण्हत म्हणाला, 'कार्त्यायनी, गाण्याशिवाय वल्ही एकत्र पडत नाहीत.' ते मला शिकवतोय! गाणं हवंच, पण होडीचंच कशाला? भातलावणीचं म्हणू. ते आम्ही बांधाच्या आत, शेतात गातो. तिच्या सात पिढ्यांनी ऐकलेलं नाही, होडी आली हे तिला कळणारच नाही.

म्हाताऱ्या भार्गवियम्माच्या तोंडात एकही दात नाही. म्हणते, 'मी सगळ्यात पुढे बसणार. गिळलंच तर घशात अडकून बसेन.'

चिंगम ८

तळहात सोलून निघाले. पण वल्ही एकदम पडतात! बांधावरून पुरुषांचे टोमणे — 'होडी चालवताय की भात लावताय?' दोन्ही!

चिंगम ९

धरली!! सोललेल्या हातानं लिहितेय, अक्षर वाचता येणार नाही, येईना का.

भर दुपारी निघालो. मगरीनं होडीचं गाणं घातलं. आमच्यातल्या एकीनंही दुसरी ओळ दिली नाही. आम्ही आमचं भातलावणीचं गाणं म्हणत सरकत राहिलो. ती गोंधळली, डोकं इकडे तिकडे करायला लागली. मग एकदम बुडी मारून होडीखाली आली. मी सुकाणूसकट हवेत! खरंच घाबरले. ओरडले, 'डावीकडे झुका!' सगळ्या झुकल्या, होडी धप्पकन पाण्यावर. भार्गवियम्मानं गाणं सोडलं नाही आणि साखळदंड बरोबर थोबाडावर टाकला. मग ओढ! जुन्या कालव्यात आणली, वरून लोखंडी दार पाडलं.

चेट्टा एका हातानं टाळ्या वाजवायला बघत होता. वेडा. रात्री उकडलेले कप्प्याचे कंद आणि मासळीचं कालवण, पोट फुटेस्तोवर.

चिंगम १२

बांधाला पाझर फुटलाय. ती तोंड लावून बसायची, तिथंच.

पाण्यात उतरून हात घातला. भेगा आमच्या जुन्याच. त्यांच्यावर बाहेरून चिखलाचा लेप, हातभर जाड, घोटून घोटून बसवलेला. कडेला ओला, अर्धवट राहिलेला. ती बांध खात नव्हती. लिंपत होती! होड्यांच्या लाटांनी लेप धुऊन जायचा, म्हणून होड्या उलथवायची.

पाणी अंगणात आलंय. बायकांना हाका मारल्यात, कालव्याचं दार उचलायला निघालोय. सुटल्यावर ती बांधाकडे वळेल की आमच्यावर येईल, कोण जाणे.