माझ्या टोफूच्या दुकानावरून

क्योटो, ३ ऑक्टोबर १९६२

चि. तेइझो यास,
त्सुनेताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला येणार नाहीस म्हणे! का, तर नवऱ्या मुलाचे गुरू कुरोसे सर मध्यस्थ म्हणून वधूवरांशेजारी बसणार, आणि माझ्या मिसाएला बाप नाही म्हणून त्याच्या जागी तुला त्यांच्यापुढे वाकून आभार मानावे लागणार. लाज नाही वाटत?

आणि भांडण कशावरून, तर नफा कुठून येतो! मिसाएला दोघांची पुस्तकं वाचून दाखवायला लावली. तू लिहितोस, टोफूच्या दुकानाचा मालक पैसा घालून धीर धरतो, त्या धीराचं फळ म्हणजे नफा. कुरोसे सर लिहितात, छे, नोकर राबतो त्यातला त्याला न दिलेला वाटा म्हणजे नफा. आणि म्हणे, प्राध्यापक नानजो यांचं, म्हणजे तुझं, टोफूचं दुकान ही बालकथा आहे.

अरे, दुकान माझं! मला विचारलंत का एकानं तरी? तुमच्या दुकानात एक मालक, एक नोकर. माझ्या दुकानात पहाटे सोयाबीन दळते तीही मी, आणि गिऱ्हाइकाची वाट बघते तीही मीच. तू शिकावंस म्हणून मला चौथीतून काढलं, तेव्हा इतकी वर्षं धीर कुणी धरला? तुझ्याच पुस्तकाप्रमाणे त्याचं फळ दे. ये आणि वाक.

थंडी पडते आहे, गळा झाकून हिंड. रागावले आहे, पण माया आटलेली नाही.

तुझी ताई

टोकियो, ९ ऑक्टोबर १९६२

ती. ताईस,
तेइझोचा नमस्कार.

तू चिडलीस ते बरोबरच आहे. पण या माणसानं भर सभेत, माझ्या विद्यार्थ्यांदेखत, मला मालकांचा भाट म्हटलं. ना त्यांचे विद्यार्थी आमच्या विद्यापीठात नोकरीला लागतात, ना आमचे त्यांच्याकडे. मी वाकलो तर उद्या सगळे म्हणतील, नानजो हरला. तेव्हा आभार तूच मान. मिसाएसाठी किमोनोचा रेशमी पट्टा पाठवतो आहे, तो तिला शोभेल. धाकट्यावर राग धरू नये, एवढंच मागणं.

तुझा तेइझो

क्योटो, २४ नोव्हेंबर १९६२

चि. तेइझो यास,
ताईचे आशीर्वाद, या वेळी जरा कमीच.

पट्टा उलट टपाली परत केला म्हणून लग्नाला आलास, हे न कळायला मी खुळी नाही. आलास, वाकलास, इथवर ठीक. पण उठेचनास! कुरोसे सरही उलट वाकले, तेही उठेनात. आधी मान वर करील तो हरला, असंच ना? फोटोवाला ताटकळला, सूप गार झालं, पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मीच मधे जाऊन म्हटलं, की आता उठा, नाहीतर दोघांच्या मानेवर जातं ठेवीन. ते ऐकून पोर हसली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

फोटो सोबत धाडते आहे. त्यात तुम्हा दोघांची फक्त टकलं आली आहेत. तुझं कुठलं नि त्यांचं कुठलं, मिसाएलाही सांगता येईना. एक प्रत दुकानात लावली आहे. मुलीचा मामा यातला कुठला, असं गिऱ्हाईक विचारतं. मी सांगते, कुठलाही घ्या.

पुढच्या पुस्तकात माझं दुकान सोड, मासळीचं घाल. इकडे आलास की जेवूनच जायचं.

तुझी ताई