चौदावी खुंटी

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
दत्ता, ही वही वाचशील तेव्हा चष्मा शोधत असशील. तो कपाळावर आहे. आधी तिथे बघ, मग घर उलटंपालटं कर. मी कोण तेही विसरला असशील तर सांगते, तुझी आई. लिहिणारी तुझी बायको. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि मंगल लिहिते. मध्ये स्वतःचंही घुसडत असेल. मला काय कळणार.
ह्यांच्या दस्त्यांची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडू. खुंट्या चौदा, रायफलींचे खांद्याला लावायचे लाकडी दस्ते तेरा. रिकाम्या खुंटीलाही एक फूल. मंगल दरवर्षी विचारते, रिकामीला कशाला? म्हटलं, तिलाही सण असतो.

शनिवार, ४ ऑक्टो.
दुपारी अळशीचं तेल आणि फडकं घेऊन बसले. हे गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून हे काम माझ्याकडे.
हे लष्कराच्या डेपोत सुतार. जुन्या रायफली मोडीत निघायच्या. लोखंड भट्टीत जायचं, लाकूड जळण म्हणून लिलावात. तिथून ते जुन्या बाजारात हमीदभाईंच्या पथारीवर यायचं. बुधवारी नाहीतर रविवारी हे सायकलला बांधून एखादा दस्ता घरी आणायचे, भाजीच्या भावात. "लोखंड सरकारचं, लाकूड आपलं." राजे लोकांनी हत्ती पाळले, आमच्या सुताराने दस्ते.
मी म्हणायचे, घरात दोन पाट धड नाहीत आणि हे काय? तेव्हा एकदा माझा हात धरून ह्यांनी दस्त्यावरून फिरवला. सगळीकडे खरखरीत, एका जागी मात्र काचेसारखं. "इथे गाल टेकतो," म्हणाले. कुणाकुणाचे गाल, कुठकुठले. कुणी बर्फात, कुणी वाळूत. एका दस्त्यावर नखाने ओढाव्यात तशा रेघा आहेत, कुणीतरी दिवस मोजलेत. मला वाचता येत नाही, पण रेघा कळतात.
तेलाच्या वासाने पेंग आली. अंगणात पंगत बसलेली. तेरा जण माझ्याकडे तोंड करून जेवताहेत, ओले केस, दाढ्या केलेल्या. चौदावा पाठमोरा. वाढायला वाकले तर ताट आहे, माणूस

मंगल, इथे थांब. चहा ठेव.

रविवार, ५ ऑक्टो.
हिंजवडीचा केदार म्हणून एक जण आला. संगणकवाला, केस पिकलेले. जुने दस्ते जमवतो. आल्या आल्या "आजी, ओरिजिनल वॉलनट!" मी म्हटलं, अक्रोड म्हण, तोही ओळखेल. हसला. मग एक दस्ता उचलला आणि गाल टेकला. डोळे मिटले. ह्यांच्यानंतर असं करणारा पहिलाच. एरवी माणूस बरा वाटला नसता.
सगळे नेतो म्हणतो, नीट ठेवतो म्हणतो. दत्ता खूश, त्याला गॅलरी रिकामी हवी.
पत्ता कुणी दिला? तर हमीदचाचांनी. म्हणाला, "चाचा म्हणाले तेरा असतील, चौदावा मागू नका. तो मी पळवला असं त्या घरात समजतात."
मला पाणी पिऊन यावं लागलं.
संध्याकाळी अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले. मंगल म्हणाली, आई, एवढ्या लवकर?

बुधवार, ८ ऑक्टो.
रिक्षा केली, हमीदभाईंच्या घरी गेले. मंगल सोबत, कारण न सांगता. पस्तीस वर्षांनी. आता पथारी मुलगा लावतो. हमीदभाई खाटेवर, दात गेलेले, कानही गेलेले. "भाभी! तब्येत बरी ना आपली?" जसा काही कालच उठून गेलेला माणूस.
मी म्हटलं, एक सांगायचंय. "काय?" म्हटलं, सांगायचंय. "काय पाहिजे?" तिसऱ्यांदा ओरडले तर समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. असली गोष्ट कुजबुजून सांगायची असते. ओरडून कशी सांगू? म्हटलं, गुडघे दुखतात. ते म्हणाले, "माझेपण."
निघताना त्यांनी विचारलं, "दसऱ्याला पूजा होते ना अजून?" मी मान हलवली. "बरं वाटलं," म्हणाले.


शुक्रवार, १० ऑक्टो.
लिहिता येणाऱ्याला वहीत लपवता येतं. मला आधी सुनेच्या कानात घालावं लागतं. मंगल, दार लाव. आता लिही.
दत्ता दहावीत होता तेव्हाची दिवाळी. पहाटे ह्यांच्या अभ्यंगाला तेल कोमट करून वाटी पाटाशी ठेवली. येऊन बघते तर ह्यांनी ते आदल्या आठवड्यात आणलेल्या दस्त्याला चोळलेलं. पहिलं तेल लाकडाला. जळण ओलं होतं, बंब धुमसत होता. मी दस्ता उचलला आणि बंबात घातला. तेल प्यायलेलं अक्रोड, असं पेटलं म्हणून सांगू.
त्याच दिवशी हमीदभाई फराळाला आलेले. कुणीतरी बरं गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी तोच दस्ता परत मागितला होता. दुसऱ्या दिवशी ह्यांना खुंटी रिकामी दिसली. हे म्हणाले, "न्यायचा तर सांगून न्यायचा." आणि पथारी सोडली ती सोडलीच. इकडून फराळाचा डबा बंद, तिकडून शीरखुर्मा बंद.
मंगलचा हात थांबला. "आप्पांना कधीच नाही सांगितलं?"
हे आंघोळ करून आले आणि म्हणाले, आज पाणी झकास तापलं होतं. त्यानंतर कसं सांगणार? दत्ता, तूही त्याच पाण्याने न्हालास.
मंगल आधी हसली. मग बघते तर डोळे पुसतेय. म्हटलं, वहीवर सांडू नकोस.

रविवार, १२ ऑक्टो.
केदारचा फोन. म्हटलं, दिवाळी होऊ दे. चौदाव्याचा आळ ज्याच्यावर, तो काय म्हणतो ते कळल्याशिवाय तेरांना हलवणार नाही. दत्ता म्हणाला, चौदाव्याचा कसला आळ? वही वाच म्हटलं. चष्मा सापडेना त्याला.

मंगळवार, १४ ऑक्टो.
दस्त्याच्या बुडाला पितळेची पट्टी असते. लाकूड जळालं, ती राहिली. राखेतून काढली आणि मेतकुटाच्या जुन्या डब्यात ठेवली. आज मंगलला दाखवली. एक कोपरा चेपलेला, त्यावरून ह्यांनी घासाघीस केलेली. हमीदभाई ती विसरायचे नाहीत. त्यांना ऐकू येत नाही, मला लिहिता येत नाही. पण हाताला तर कळेल.
दुपारी परत तीच पंगत. चौदावा अजून पाठमोराच. पण जेवत होता.
मंगल, उद्या डबा भर. मोठा, पितळेचा, त्यांच्या ओळखीचा. चिंचेने घासलेली पट्टी तळाला, वर केळीचं पान. चकली नको, दात नाहीत. शंकरपाळे नकोत. बेसनाचे लाडू मऊसर, आणि अनारसे, खसखस जास्त लावून. अनारसे चौदा घाल. तेरा नाही. आणि त्यांच्या मुलाला सांग, डबा परत करायची घाई नाही.