सुनेच्या आवाजाची कॅसेट

पाटोदा,
१२ फेब्रुवारी १९९८

ती. बसम्माआईंना कावेरीचा शरणार्थ.

आम्ही सगळे इकडे मजेत. तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? मी परळीला भेटायला निघाले होते, पण साखरपुडा झालेल्या मुलीनं लग्नाआधी सासरी जायचं नसतं म्हणून आईनं अडवलं. म्हणून पत्र. हे पत्र तुम्हाला तुमचे चिरंजीव मृत्युंजय वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझी विनंती, एकही ओळ गाळू नका, आणि स्वतःबद्दल काही आलं तर खोकू नका.

सिद्धारामदादाचं दुकान जोरात चालू आहे. लोक गाण्यांची यादी आणतात, आम्ही कॅसेट भरून देतो. कव्हरवर नावं लिहायचं काम माझं. मागे दिवाळीत दादानं नगरहून इंग्रजी डान्स गाण्यांचे दोन संग्रह आणले आणि एक रॅपचा. टेम्पोवाला बिभीषण पहिल्याच दिवशी हजर. "कावेरीताई, ती धडाधडवाली भरून दे. घाटात झोप येती."

"अर्थ कळतो का?" मी विचारलं.

"अर्थ कशाला पायजे? गाडी पळती की!"

रॅप म्हणजे काय, ते सांगते. मोंढ्यात धान्याची हर्राशी सुरू झाली की अडत्या एका दमात भाव बोलत सुटतो ना, तसंच. फक्त मागे ढोल. मला तर वेडच लागलं. कॅसेट भरून होईपर्यंत ऐकावीच लागते, हे आईला सांगायला बरं कारण आहे.

बरं, तुमचा निरोप मिळाला. माझी भजनाची कॅसेट तुम्ही शेजारच्या भामाबाईंच्या भजनी मंडळाला ऐकवणार, आणि गृहप्रवेशाच्या दिवशी मी मंडळासमोर गायचं. तेव्हापासून हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

आई, त्या कॅसेटवर मी नाही. ती स्वप्नालीवहिनी आहे, दादाची बायको.

पाय मोडल्यामुळे तुम्हाला मुलगी बघायला येता आलं नाही. पोरीचा आवाज ऐकल्याशिवाय तारीख काढणार नाही, असं तुम्ही कळवलंत आणि आमच्या घरात धावपळ उडाली. माझा आवाज घोगरा. शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. आई म्हणाली, वहिनी गाईल, कोण बघतंय. पण दोष आईचा नाही. रेकॉर्डचं बटण मी दाबलं.

त्यात घाईघाईत कोरी म्हणून उचललेली कॅसेट कोरी नव्हती. पलीकडच्या बाजूला मी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी डान्सचं नुसतं संगीत लावते आणि त्याच्या ठेक्यावर बोलते. एसटी स्टँडवरचं, बाजारातलं, घरातलं. गाता येत नसलं तरी बोलता येतं, हे मला त्या संग्रहांनी शिकवलं. पहिल्यांदा माझा आवाज टेपमधून ऐकला तेव्हा मी दुकानात एकटीच हसत बसले होते. इतका आनंद मला कशानंच झाला नव्हता.

त्या बाजूच्या माझ्या बोलण्यात मृत्युंजयही आहेत. मुलगी बघायला येऊन चहात चार चमचे साखर मागणारे आणि माझ्याऐवजी दादाच्या टेपकडे बघत बसलेले. आता खोकू नका.

लग्न मोडलं तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल. हा माणूस मला आवडला आहे. पण वहिनीच्या आवाजावर मला हळद लागायला नको. ती दुसरी बाजू ऐका आणि मग काय ते ठरवा.

तुमची होऊ पाहणारी,
कावेरी


परळी,
१९ फेब्रुवारी १९९८

चि. कावेरीस बसम्माचा आशीर्वाद. लिहिणारा मृत्युंजय. आई सांगते तसंच लिहितो आहे.

पोरी, तुजं पत्र ऐकलं. ह्यो दोनदा खोकला.

आमच्या टेपची एक बाजू सरली की दुसरी आपोआप लागती. तुजी कॅसेट लावून ह्यो आमच्या दुकानात गेलता. घरात कोणी न्हाई, माजा पाय प्लास्टरात. उठून बंद कोण करणार? समदी ऐकली. आधी वाटलं, आत कोणी भांडायलंय. मग तू म्हणलीस, मी कावेरी पाटोद्याची. तवा उमगलं, आवाज दोन हायेत.

लई राग आला. म्हातारीला फसवायलेत म्हणून मी तारखेचं नावच काढलं न्हाई. मंडळासमोर गायचा निरोप बी मुद्दाम धाडलता. म्हणलं, बघू पोरगी कवा तोंड उघडती. तू उघडलंस. न्हाई तर ही सोयरीक मी मोडणार व्हते, हे बी खरं.

आता खरं बोलायचंच, तर राग असताना बी मी टेप उशाशी घेऊन रोज तीच बाजू लावत व्हते. साखरेचं आलं की इतकी हसायची, डॉक्टर म्हणला, बाई, हाड सरकंल.

अक्षयतृतीया धरली हाय. तुज्या आईला सांग.

काल भामाबाई आलती. सून कोणतं भजन म्हणणार, इचारत व्हती. मी म्हणलं, आमची सून गात न्हाई, बोलती. तुमी समद्यांनी टाळ घेऊन या.

तुजा आवाज ओळखणारी,
तुजी सासू,
बसम्मा